समकालीन रचनाकारांच्या वाद्यवृंद व चेंबर मैफली (कोकण किनारा)

वसईपासून काणकोणपर्यंतच्या किनारपट्टीवर पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद, किंवा चार-पाच वादकांचा लहान ‘चेंबर’ संच, हयात अथवा नजीकच्या काळातील रचनाकाराने स्वरलेखनात लिहिलेले संगीत श्रोत्यांसमोर सादर करतो. अशा मैफलींविषयीची ही नोंद आहे. या परंपरेची दोन टोके म्हणजे मुंबई आणि गोवा. मधल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत कायमस्वरूपी वाद्यवृंद नाही. पण गोव्याचे वादक मुंबईला गेले ते याच किनाऱ्याने, बोटीतून. इतिहास सुमारे नव्वद वर्षांचा आहे. या काळात नव्या रचना लिहिल्या गेल्या, वाजवल्याही गेल्या, पण बहुतेक एकदाच. मराठी नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग झाला की मंडळी पुढच्या तारखा लावायला बसतात. वाद्यवृंदाच्या नव्या रचनेची मात्र दुसरी तारीख लागत नाही. या मैफलींचा खरा प्रश्न पहिल्या सादरीकरणाचा नसून दुसऱ्याचा आहे.

वादक घडले ते गोव्याच्या चर्चशाळांत. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडून शाळा निघाल्या आणि तिथला ‘मेस्त्री’ मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणे, आणि व्हायोलिन शिकवू लागला. चर्चच्या गायनवृंदासाठी सुरू झालेल्या या शिक्षणातून कागदावरचे संगीत नजरेने वाचून लगेच वाजवणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. हे कौशल्य तेव्हा हिंदुस्थानात इतरत्र फारच थोड्यांकडे होते. गोव्यात त्यावर पोट भरत नसे, म्हणून मंडळी बोटीने मुंबईला येत. धोबीतलावच्या परिसरात गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकायची आणि काम शोधायला बाहेर पडायचे, असा तो शिरस्ता. १८६५ पासूनचे फुर्टाडोज हे वाद्यांचे आणि छापील स्वरलिपींचे दुकानही त्याच भागातले. काम मिळे हॉटेलांतल्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत आणि नंतर सिनेमाच्या स्टुडिओंत.

नव्या रचनांच्या मैफलींची सुरुवात मात्र एका निर्वासिताकडे जाते. १९०७ साली कार्ल्सबाडमध्ये जन्मलेले ज्यू रचनाकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. दर गुरुवारी होणाऱ्या तिच्या मैफलींत व्हायोलिनला मेहली मेहता असत. मेहतांनी स्वतः १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच, स्थापन केली; वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. कॉफमन पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीचे प्रसारण सुरू होताना वाजणारी ओळखधून त्यांच्याच नावावर सांगितली जाते. म्हणजे रोज सकाळी लाखो घरांत त्यांचे काही सेकंदांचे संगीत वाजत राहिले, पण त्यांनी लिहिलेल्या चेंबर रचना १९४६ मध्ये ते भारत सोडून गेल्यावर जवळजवळ विस्मृतीत गेल्या. २०२० मध्ये टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्या ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्या पुन्हा ऐकू आल्या.

दुसरा आणि या किनाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयत्न अँथनी गोन्साल्विस यांचा. गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला; वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. १९४३ मध्ये ते नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले आणि पुढे स्टुडिओंत अरेंजर म्हणून नावारूपाला आले. अरेंजरचे काम असे : संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो, अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवतो, मधले वाद्यसंगीत आणि साथीचे स्वर बांधतो आणि प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद, म्हणजे ‘पार्ट’, लिहून देतो. सकाळी ठरलेले संगीत दुपारी रेकॉर्ड व्हायचे. पडद्यावर नाव संगीतकाराचे झळके. अरेंजरचे नाव आले तर नशीब. या कामातून गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी रागसंगीताची ओढ लागली. १९५८ मध्ये त्यांनी स्टुडिओतले वादक जमवून वाद्यवृंद उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात स्वतःच्या रचना सादर केल्या. एकल गायनाला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. ‘सोनातिना इंडियाना’ आणि राग सारंगातील कॉन्चेर्तो (वाद्यवृंदाच्या साथीने वाजणारी एकल वाद्याची रचना) या त्यांच्या रचना याच प्रयत्नातल्या.

सारंगासारखा राग वाद्यवृंदासाठी घेणे म्हणजे काय, हे थोडे खोलात पाहण्यासारखे आहे. पाश्चात्त्य हार्मनी एकाआड एक स्वर एकत्र वाजवून उभी राहते. षड्जावरची तिची पहिली वीट म्हणजे सा-ग-प. वृंदावनी सारंगात गंधार नाही आणि धैवतही नाही. म्हणजे ज्या स्वरसमूहावर मुक्काम करून पाश्चात्त्य रचना ‘घरी’ येते, तो बांधताच येत नाही. हाताशी उरतात प-नी-रे (शुद्ध निषाद घेऊन) किंवा नी-रे-म (कोमल निषाद घेऊन). यांपैकी एकही सा वर उभा नाही. यावर दोनच वाटा. हार्मनी बाजूला ठेवून स्वरओळी एकमेकींत गुंफायच्या, नाहीतर रागाबाहेरचा स्वर घ्यायचा आणि जाणकारांचा रोष पत्करायचा. रागावर आधारलेली वाद्यवृंद-रचना ऐकताना ती ‘फिल्मी’ वाटते की भारदस्त, हे बहुतेक वेळा रचनाकाराने इथे काय निवडले यावर ठरते. या विषयावरच्या लिखाणात ‘पूर्व-पश्चिम मिलाफ’ असे म्हणून हा मुद्दा सहसा उरकला जातो. कानाला जे जाणवते ते त्यातून सुटते.

गोन्साल्विस १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेला गेले, वाद्यवृंद थांबला. परतल्यावर त्यांनी माजोर्ड्यात शांत आयुष्य काढले आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या एका हिंदी गाण्यामुळे. त्याचे संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूचे नाव त्यांनी गाण्यात गुंफले. सारंगातला कॉन्चेर्तो मात्र आज कुणाच्या कानावर नाही.

रचना दुसऱ्यांदा का वाजत नाही, याची कारणे रसिकांच्या अनास्थेपेक्षा कागदात आणि वेळेत अधिक सापडतात. मोठ्या वाद्यवृंदात साठ-सत्तर वादक असतात. त्यांच्यापुढे संपूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे एकत्र लिहिलेले संगीत, नसतो, तो फक्त संचालकापुढे. व्हायोलिनवाले दोघे मिळून एका स्टँडवरून वाचतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक गज खाली घेऊन पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. पान उलटण्याच्या जागी विराम नसेल तर ऐन मोक्याला आवाज निम्मा होतो. म्हणून पार्ट काढणारा जाणकार लागतो. मग पहिला व्हायोलिनवादक गज कुठे वर, कुठे खाली हे ठरवतो आणि ते पेन्सिलीने मागच्या प्रत्येक स्टँडवर उतरवले जाते. बेथोव्हेनची सिम्फनी असेल तर हे सारे वादकांच्या हातात मुरलेले असते. नव्या रचनेला सगळे पहिल्यापासून करावे लागते, आणि तालमीचा प्रत्येक तास पैशांचा असतो. मैफल संपल्यावर पेन्सिलीच्या खुणांसह ते पार्ट नीट गोळा करून ठेवले, तर दुसऱ्या वेळी निम्मे काम वाचते. ते कपाटांतून आणि वाळवीतून वाचले नाहीत, की रचना असूनही नसल्यासारखी. कार्यक्रमपत्रिकेतही नव्या रचनेची जागा ठरलेली : सुरुवातीला एखादा परिचित तुकडा, मग नवी रचना आणि मध्यंतरानंतर मोठी सिम्फनी, म्हणजे उशिरा येणारा आणि लवकर निघणारा असे दोघेही तावडीत सापडतात.

याच हिशेबामुळे नवे संगीत वाद्यवृंदापेक्षा चेंबर मैफलीत जास्त ऐकू येते. चार वादक, चार पार्ट, कुणाच्या तरी दिवाणखान्यात तालीम. वनराज भाटिया (१९२७–२०२१) यांची कारकीर्द या दृष्टीने बोलकी आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकलेल्या या मुंबईकर रचनाकाराला लोक ओळखतात ते जाहिरातींच्या धुनांमुळे आणि ‘अंकुर’, ‘तमस’ यांच्या संगीतामुळे. मैफलीसाठी लिहिलेल्या त्यांच्या पियानो, तंतुवाद्ये आणि गायनाच्या रचना वर्षानुवर्षे मोजक्याच वादकांच्या हातात राहिल्या. जानेवारी २०१९ मध्ये चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची चेलोसाठीची एक छोटी रचना वाजवली, तेव्हा भाटिया नव्वदी ओलांडून गेले होते. एका चेलोला पार्टही एकच लागतो, हे त्यातले इंगित.

मुंबईत या संगीताची आजची मुख्य वास्तू म्हणजे नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र (एनसीपीए), १९६९ मध्ये स्थापन झालेले. समुद्र हटवून केलेल्या भरावावर १९८० मध्ये टाटा थिएटर सुरू झाले. त्याचे वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनिरचनाकार सिरिल हॅरिस. मोठ्या वाद्यवृंदासाठीचे जमशेद भाभा थिएटर १९९९ चे. खुश्रू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया येथेच स्थापन केला. त्याचे मुख्य हंगाम वर्षातून दोन, फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास. आरंभी वादकांत परदेशी, विशेषतः कझाक, मोठ्या संख्येने होते आणि त्यावर टीकाही झाली. पण स्टुडिओंनी १९८०-९०च्या दशकांत सिंथेसायझर आणून तंतुवाद्यांचे ताफे मोडीत काढले होते. गोव्याहून बोटीने येणारी ती पिढी मागे वारस ठेवू शकली नव्हती, ही त्या टीकेत न येणारी बाजू. २०१२ पासून वाद्यवृंदाची स्वतःची संगीतशाळा लहान मुलांना शिकवते आहे.

या वाद्यवृंदासाठी झाकिर हुसेन यांनी लिहिलेला तबल्याचा कॉन्चेर्तो ‘पेशकार’ सप्टेंबर २०१५ मध्ये झेन दलाल यांच्या संचालनाखाली मुंबईत प्रथम सादर झाला. पुढे तो परदेश दौऱ्यांतही वाजला, २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात स्वतः झाकिर हुसेन एकल वादक होते. दुसऱ्या सादरीकरणाची अडचण ओलांडलेली ही मोजक्या रचनांपैकी एक. इथे गाठ वेगळ्या ठिकाणी आहे. वाद्यवृंदाचा भाग कागदावर पक्का आहे, पण तबल्याचा भाग माहीममध्ये वाढलेल्या, वडील अल्लारखाँ यांच्याकडे घडलेल्या एका वादकाच्या हातात होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आता दुसऱ्या तबलावादकाला वाद्यवृंदाचे माप मोजत, संचालकाच्या हाताकडे बघत वाजवावे लागेल, आणि तबलजींच्या तालमीत ही सवय सहसा नसते.

गोव्यात वाद्यवृंदाची परंपरा अंतोनियो फिगेरेदो यांच्या नावाशी जोडली जाते. १९५२ मध्ये त्यांनी पणजीत संगीत अकादमी सुरू केली. आज कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग हे काम करतो. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी कांपालला उभारलेल्या या संकुलातल्या मुख्य सभागृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. नाट्यसंगीताच्या त्या नावाखाली स्ट्रिंग क्वार्टेट वाजते, हे फक्त गोव्यातच घडू शकते. जुन्या गोव्यातील डोंगरमाथ्यावरच्या मोंते चॅपेलमध्ये फुंदासांव ओरियेंते या संस्थेतर्फे होणारा महोत्सव हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य मैफली एकत्र आणतो. पणजीतील ‘चाइल्ड्स प्ले’ ही २००९ पासूनची संस्था वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवते. जुन्या मेस्त्रीचे काम नव्या रूपात सुरू झाले ते इथे.

गोव्यातल्या मैफली बहुतांशी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात त्याला पर्यटनाइतकीच हवा कारण आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, व्हायोलिनच्या खुंट्या जाम होतात, गजाचे केस ढिले पडतात आणि सरसाने जोडलेले सांधे सुटतात. तेच वाद्य वातानुकूलित सभागृहात नेले की खुंट्या आक्रसून सरकू लागतात. मैफलीआधी तास-दोन तास वाद्ये रंगमंचावर उघडी ठेवणे हा म्हणून नियमच. गोव्याच्या घुमट या लोकवाद्याची तऱ्हा याहून अवघड. मातीचे भांडे, मोठ्या तोंडावर कातडे, लहान तोंड उघडे. डाव्या तळव्याने ते झाकत-उघडत आवाज घडवायचा. पूर्वी कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि बकऱ्याचे कातडे आले. २०१९ मध्ये राज्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. मांडो या ख्रिस्ती समाजाच्या गीतप्रकारात व्हायोलिनशेजारी आणि हिंदूंच्या चतुर्थीच्या आरतीत शामेळ (ढोल) व कांसाळ्यांबरोबर (झांजांबरोबर) ते वाजते, म्हणजे दोन्ही समाजांच्या कानांत त्याचा नाद आहेच. ते वाद्यवृंदात आणणाऱ्यापुढे अडचण उभी राहते ती डाव्या तळव्याची : आघात कुठे, हे स्वरलिपीत मांडता येते, तळवा किती झाकायचा, यासाठी प्रत्येक जण आपापल्या खुणा करतो आणि त्या पहिल्या पानावर समजावून लिहाव्या लागतात.

मधल्या कोकणात श्रोता घडला तो संगीत नाटक आणि भजनावर. रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था संगीत नाटके जिवंत ठेवते आणि थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचे महोत्सव भरतात. अशा श्रोत्यापुढे क्वार्टेट नेणे वाटते तितके अवघड नाही. ऑर्गनची साथ त्याच्या कानाला परकी नाही आणि चार वादकांनी एकमेकांकडे बघत वाजवणे तर बैठकीतलेच. अवघड आहे ते संचाचे येणे-जाणे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून मडगाव-मुंबई एका रात्रीचे झाले, तरी चेलोला स्वतःचा बर्थ लागतो आणि तिकीट तपासनिसाला ते पटवावे लागते. उत्तर टोकाला वसई आहे. तिथल्या ख्रिस्ती समाजात चर्चची उपासना मराठीत होते, गायनवृंद असतात, लग्नाच्या वरातीत पितळी वाद्यांचे बँड वाजतात. मराठी बोलणारे आणि स्टाफ नोटेशनशी सोयरिक असलेले एवढे लोक किनाऱ्यावर दुसरीकडे एका जागी सापडणार नाहीत. मुंबईच्या लोकलच्या पल्ल्यात असूनही नव्या रचनांच्या नकाशावर वसईचे नाव अजून लागलेले नाही.