संशय कोणावर घ्यायचा: माहितीपटांतले खटले आणि खानदेश

शहादा असो की चाळीसगाव, आमच्याकडची तरुण मुले आता मोबाईलवर अमेरिकेतल्या खुनाच्या खटल्यांचे माहितीपट रात्र रात्र बघतात. शेवटचा भाग संपला की पहिला प्रश्न असतो, "खरंच त्यानेच केलं असेल का?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या पडद्याने तो कधी विचारायला शिकवलाच नव्हता.

तिकडे या संशयाला मोठा इतिहास आहे. लंडनमध्ये टिमोथी इव्हान्सला खुनासाठी 1950 मध्ये फाशी झाली. पुढे त्याच घरात राहणारा दुसराच माणूस अनेक खुनांचा गुन्हेगार निघाला आणि 1966 मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. 1974 च्या बर्मिंगहॅम स्फोटांत 21 माणसे गेली आणि सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. ब्रिटिश टीव्हीवरच्या शोधपत्रकारांनी 1985 पासून त्या पुराव्यातली भोके दाखवायला सुरुवात केली आणि 1991 मध्ये सहाही जण सुटले. त्यातूनच 1997 मध्ये जुन्या शिक्षा पुन्हा तपासणारा स्वतंत्र आयोग कामाला लागला. अमेरिकेत एरॉल मॉरिस यांच्या 1988 च्या 'द थिन ब्लू लाइन'ने रँडल अॅडम्सचा खटला उकलला. डॅलसमधल्या पोलिसाच्या खुनात त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि 1979 मध्ये स्थगिती आली तेव्हा फाशीला तीनच दिवस उरले होते. माहितीपटानंतर वर्षभरातच तो घरी गेला. 2015 च्या अखेरीस 'मेकिंग अ मर्डरर' आला, काही आठवड्यांत नेटफ्लिक्स भारतात आले, आणि ही सगळी परंपरा एकदम आपल्या हातात पडली.

आपल्या पडद्यावर मात्र कॅमेरा पहिल्यापासून पोलिसांच्या खांद्यामागे उभा होता. 1998 चा 'इंडियाज मोस्ट वाँटेड' फरारी पकडून देण्यासाठी होता. 2003 पासूनचा 'क्राइम पेट्रोल' तपास लागला की संपायचा. अटक झाली, गोष्ट संपली. न्यायालयात पुढे काय झाले, साक्षीदार का फितूर झाले, अपिलात काय टिकले, हे कोणी दाखवलेच नाही. आजही स्थानिक गुन्हे शाखेची पत्रकार परिषद होते, तोंडाला काळे फडके बांधलेले आरोपी रांगेत उभे केले जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "टोळी जेरबंद" छापून येते. तीच माणसे चार-सहा वर्षांनी निर्दोष सुटली तर ती बातमी आतल्या पानावरही सापडत नाही.

खानदेशात तर संशयाची सवय इंग्रजांइतकी जुनी आहे. 1818 मध्ये मुलूख त्यांच्या ताब्यात गेला, सातपुड्यातल्या भिल्लांना त्यांनी लुटारू ठरवले आणि 1825 मध्ये जेम्स आउट्रमने त्याच भिल्लांची पलटण उभारली. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा कजारसिंग नाईक 1857-58 च्या उठावात उतरला, तर सरकारदफ्तरी तो दरोडेखोरच. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये देशभर लागू करण्यात आला. मग पारधी, कंजारभाट, भामटा अशा जमातींच्या नशिबी जन्मापासून हजेरी आली. 1952 मध्ये कायदा गेला, पण गावात चोरी झाली की आधी पाल कुठे पडलंय ते बघायची खोड गेली नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. कसला तपास, कसला जबाब!

न्यायालयही या सवयीपासून सुटलेले नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात 2003 मध्ये एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोन दिवसांत पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार वेगळीच माणसे दाखवली होती. त्यांच्यामागे तपास गेलाच नाही. मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. आरोपींतला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे गेली, ती दोषारोपपत्रातल्याच कागदांकडे कोणी नीट पाहिले नाही म्हणून. एवढा मोठा विषय, आणि यावर मराठीत घरोघरी बघितला जाईल असा माहितीपट नाही, याचा मला राग येतो.

परदेशी माहितीपट बघून इकडचा प्रेक्षक एका बाबतीत फसतो. तिकडे सोळा वर्षांच्या पोराने पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याला जन्मठेपेपर्यंत नेते. आपल्याकडे मकोकासारखे खास कायदे सोडले तर पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालतच नाही. मद्रास इलाख्यात पोलीस छळ करून कबुल्या काढतात असा चौकशी अहवाल 1855 मध्ये आला होता. आधी 1861 च्या फौजदारी संहितेत आणि मग 1872 च्या पुरावा कायद्यात ही बंदी आली. पण 27 व्या कलमाने मागचे दार उघडे ठेवले: आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे ग्राह्य. म्हणून आपल्या खटल्यांचा जीव निवेदन पंचनाम्यात, म्हणजे आरोपीचे सांगणे आणि त्यावरून सापडलेली वस्तू पंचांसमोर नोंदवणाऱ्या कागदात असतो. कोयता कुठून निघाला, पंच कोण होते, त्यांनी जागेवर सही केली की ठाण्यात, यावर माणसाचे आयुष्य ठरते. धडगाव-अक्कलकुव्याकडचा आरोपी पावरी किंवा भिली बोलतो, जबाब लिहिला जातो पोलिसी मराठीत, आणि नंदुरबारचे अपील औरंगाबाद खंडपीठात इंग्रजीत चालते. त्याचे स्वतःचे शब्द वाटेत कुठे गळाले ते सांगायला त्याच्याकडे कोणी नसते.

धुळ्याचा तुरुंग आपण विनोबांच्या 1932 च्या गीता प्रवचनांसाठी आणि ती टिपून घेणाऱ्या साने गुरुजींसाठी आठवतो. तुरुंगांत खरे कोण असते ते मात्र आपण विसरतो: 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत शंभरातले सुमारे 76 जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळावी यासाठी कायदा करा, असे विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात सांगितले. तो कायदा अजून झालेला नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. म्हणजे कोयता निघतानाचा क्षण आता कॅमेऱ्यात असायला हवा. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या बचाव वकिलांनी प्रत्येक खटल्यात पहिल्याच तारखेला त्या चित्रीकरणाची प्रत मागितली पाहिजे.