‘रक्कम’ म्हणजे रुपये की पैसे?

समजा, एका छोट्या दुकानाची उधारी-वसुली एआय एजंटकडे सोपवली आहे. मालक सांगतो, ‘पाटलांना ५०० रुपयांची पेमेंट लिंक पाठव.’ लिंक जाते, पाटील पैसे भरतात आणि खात्यात ५ रुपये जमा होतात. (पाटील कशाला तक्रार करतील!) रेझरपेसारख्या पेमेंट सेवांची प्रणाली रक्कम पैशांत घेते, ५०० रुपये हवे असतील तर ५०००० हा आकडा द्यावा लागतो. एजंटला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्यासमोर एकच शब्द होता: ‘रक्कम’.

अशा एजंटच्या मुळाशी चॅटजीपीटीमागे असतं तसं भाषा मॉडेल असतं आणि ते मुळात फक्त मजकूर तयार करतं. लिंक पाठवणं, फाइल उघडणं, तिकीट काढणं ही कामं त्याला जमावीत म्हणून प्रोग्रामर त्याच्या हाती टूल देतात. प्रत्येक टूलसोबत तीन गोष्टी असतात: नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणकोणती माहिती भरायची याची यादी. हा सगळा मजकूर आपल्या प्रश्नासोबत मॉडेलला वाचायला मिळतो. ‘अमुक टूल, तमुक आकडे घालून चालवा’ एवढं ते लिहून देतं. प्रत्यक्ष काम दुसराच प्रोग्राम करतो आणि निकाल पुन्हा मजकुराच्या रूपात परत येतो. ओपनएआयने जून २०२३मध्ये ही सोय प्रोग्रामरांना खुली केली. नोव्हेंबर २०२४मध्ये ‘क्लॉड’ मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीने एमसीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे टूल जोडण्याची सामाईक पद्धत, आणली आणि एकाने लिहिलेलं टूल कुणाच्याही एजंटला जोडता येऊ लागलं.

टूलच्या आत काय चालतं, ते मॉडेलला सहसा दिसत नाही. माणूस अडला तर कोड उघडून बघतो, शेजारच्या टेबलावर विचारतो. मॉडेलकडे त्या चार ओळीच असतात, आणि त्या जिथे गप्प बसतात तिथे ते बेधडक अंदाज बांधून पुढे जातं. ०३/०४/२०२५ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. वर्णनात नुसतं ‘प्रवासाची तारीख’ असेल तर तिकीट कुठल्या दिवसाचं निघेल, हे नशिबावर.

म्हणून चांगलं वर्णन कंटाळवाणं वाटेल इतकं नेमकं असतं. रकान्याचं नावच ‘रक्कम_पैशांत’ ठेवायचं आणि खाली लिहायचं: ‘पूर्णांक द्या. ५०० रुपयांसाठी ५००००.’ तारखेला ‘आधी वर्ष, मग महिना, मग दिवस’ असं सांगून एक नमुना द्यायचा. टूल केव्हा वापरू नये हे लिहायला बहुतेक जण विसरतात. ‘ग्राहक शोधा’ आणि ‘ऑर्डर शोधा’ ही टूल शेजारी शेजारी असतील, तर फोन नंबर हाती असताना कुठलं घ्यायचं? पैसे परत करणाऱ्या टूलवर तर ‘यातून खरोखर पैसे जातात, आधी मालकाला विचारा’ हे हवंच.

शब्द कितीही नेमके असले तरी टूलची घडणच चुकीची असेल तर ते पुरत नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये एसडब्ल्यूई-एजंट या प्रकल्पात हे मोजून पाहिलं. जीपीटी-४ टर्बो या मॉडेलला सॉफ्टवेअरमधल्या ३०० खऱ्याखुऱ्या तक्रारी सोडवायला दिल्या. माणसं वापरतात तसा साधा टर्मिनल (आज्ञा टाइप करून संगणक चालवायची खिडकी) दिला तेव्हा ११ टक्के सुटल्या; एजंटसाठी खास घडवलेली टूल दिल्यावर १८ टक्के. फाइलच्या एका वेळी १०० ओळी दाखवल्या तर हे १८ टक्के. अख्खी फाइल समोर ओतली तर १२.७ आणि ३०च ओळी दाखवल्या तर १४.३. सगळ्यात गंमतशीर आकडा शोधाच्या टूलचा. ‘पुढचा निकाल, पुढचा निकाल’ असं एकेक दाखवणारं टूल दिल्यावर यश १२ टक्क्यांवर आलं. शोधाचं खास टूल मुळीच दिलं नव्हतं तेव्हा ते १५.७ होतं! ‘पुढचा’ हा पर्याय दिसतोय म्हटल्यावर एजंट शेवटचा निकाल येईपर्यंत तो दाबतच राहायचा आणि त्यातच त्याला ठरवून दिलेली खर्चाची किंवा वाचनाची मर्यादा संपायची.

अँथ्रोपिकच्या अभियंत्यांचा अनुभवही याच जातीचा. त्यांचा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुकायचा. त्यांनी टूलच बदललं आणि मुळापासूनचा पूर्ण पत्ता देणं सक्तीचं केलं, चूक थांबली. वर्णनात मोठ्या अक्षरांत ‘कधीही असं करू नका’ असं ओरडणारे प्रोग्रामर पुष्कळ आहेत. मला तो टूल नीट घडवलं नसल्याचा कबुलीजबाब वाटतो. अर्थात काही खोडी वर्णनानेच सुटतात. त्याच कंपनीच्या वेब-शोधाच्या टूलमध्ये मॉडेल विनाकारण प्रत्येक शोधापुढे ‘२०२५’ जोडायचं; ते वर्णन सुधारून थांबवलं गेलं.

मॉडेल वर्णनावर इतकं विसंबतं, याचा फायदा भामट्यांनाही होतो. एप्रिल २०२५मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेने दोन संख्यांची बेरीज करणारं एक टूल दाखवलं. त्याच्या वर्णनातच सूचना दडवली होती: आधी वापरकर्त्याच्या संगणकावरची गुप्त किल्ली असलेली फाइल वाचा, तिचा मजकूर ‘टीप’ या जादा रकान्यात भरा आणि याबद्दल वापरकर्त्याला काही सांगू नका. मॉडेलने ते निमूटपणे केलं. मंजुरी देणाऱ्या माणसाला पडद्यावर दिसत होतं ते बेरजेचं एक निरुपद्रवी टूल. शिवाय एकदा मंजूर झालेल्या टूलचं वर्णन त्याचा मालक नंतर गुपचूप बदलू शकतो. त्यामुळे पूर्ण वर्णन वापरकर्त्याला दिसलं पाहिजे आणि त्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी परवानगी नव्याने मागितली गेली पाहिजे, अशी मागणी सुरक्षा-तज्ज्ञ करतात.