कंटेनर ऑर्केस्ट्रेशन

अनेक संगणकांच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या साहित्यासह इतरांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम, चालवण्याची स्वयंचलित व्यवस्था. कोणता कंटेनर कोणत्या संगणकावर ठेवायचा, बंद पडलेल्याच्या जागी दुसरा कधी उभा करायचा, त्यांनी एकमेकांना कसे शोधायचे आणि नवी आवृत्ती जुनीची जागा कशी घेणार, ही कामे ती पाहते. ‘सुसूत्रीकरण’ हा शब्द अर्थाने जवळचा असला, तरी व्यवहारात मूळ शब्दच रुळला आहे. सध्या या क्षेत्रात कुबरनेटीस ही प्रणाली सर्वाधिक वापरली जाते. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे मूळ संस्कृत अर्थाने ‘कर्णधार’, असा होतो.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ही परंपरा विलगीकरणाच्या तंत्रातून आली. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या सुमारास, साधारण १९७९ मध्ये, प्रक्रियेला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) फाइल-प्रणालीचा ठराविक भागच दाखवणारी सीएचरूट ही सोय आली. पुढे २००० मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्सवजा प्रणालीत ‘जेल’ आणि त्यानंतर काही वर्षांनी सोलारिस या तशाच प्रणालीत ‘झोन’ ही विलगीकरणाची साधने आली. प्रक्रियांच्या गटाला मेमरी व प्रोसेसरची मर्यादा घालणारे सी-ग्रूप गूगलच्या अभियंत्यांनी २००६ च्या सुमारास लिहायला घेतले आणि ते जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये दाखल झाले. त्यांचे आधीचे नाव ‘प्रोसेस कंटेनर’ होते. पण कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) कंटेनर या शब्दाचे आधीच इतर अर्थ असल्याने ते बदलले. मार्च २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर बनवण्याचे व चालवण्याचे साधन आले आणि कंटेनर सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हाती पोचला.

दुसरे मत समूहावरील कामवाटपाकडे बोट दाखवते. गूगलची बोर्ग ही अंतर्गत प्रणाली साधारण २००३-०४ पासूनची, म्हणजे डॉकरच्या बरीच आधीची. मात्र तिचे सविस्तर वर्णन २०१५ मध्ये शोधनिबंधरूपाने जाहीर झाले. बर्कली येथे २००९ मध्ये सुरू झालेला मेसॉस प्रकल्पही याच वळणाचा. विलगीकरणाने प्रक्रियेभोवती भिंत उभी राहते, पण ती प्रक्रिया कोठे चालावी याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही पहिले मत सर्वस्वी बाजूला सारता येत नाही, कारण एकाच यंत्रावरील कामे सुरक्षिततेसाठी वेगळी ठेवण्याकरिता बोर्ग मुख्यतः सीएचरूटचाच आधार घेत असे.

कुबरनेटीस जून २०१४ मध्ये जाहीर झाले व जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. बोर्गमध्ये एका यंत्रावरील सर्व कामांचा आयपी पत्ता एकच असे, त्यामुळे पोर्टचीही (त्या पत्त्यावरील क्रमांकित प्रवेशद्वारांची) वाटणी करावी लागे. कुबरनेटीसने प्रत्येक ‘पॉड’ला (एकत्र ठेवलेल्या कंटेनरांच्या गटाला) स्वतंत्र पत्ता देऊन ही कटकट मिटवली. डॉकर स्वार्म, मेसॉसवरील मॅरेथॉन व नोमॅड हे त्या काळातील स्पर्धक. ऑक्टोबर २०१७ मध्ये डॉकर कंपनीनेच कुबरनेटीसला पाठिंबा जाहीर केल्यावर चुरस बहुतांशी संपली.

कार्यपद्धती घोषणात्मक आहे. ‘या सेवेच्या तीन प्रती हव्यात’ एवढेच लिहून द्यायचे. नियंत्रक सतत प्रत्यक्ष स्थिती तपासून ती लिखित स्थितीशी जुळवत राहतो. हे लेखन एटसीडी या साठ्यात राहते व त्याच्या प्रतींमध्ये राफ्ट पद्धतीने एकमत साधले जाते. बहुमत आवश्यक असल्याने तीन प्रतींपैकी एक, पाचांपैकी दोन गेल्या तरी काम चालते. चार ठेवल्या तरी एकाच प्रतीचे नुकसान सोसते, म्हणून विषम संख्या घेण्याचा प्रघात आहे.

मध्यरात्री यंत्र बंद पडले तरी सेवा दुसरीकडे उभी राहते, नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवता येते, बिघडली तर मागे घेता येते, हे लाभ सर्वपरिचित आहेत. पण नियंत्रक जे लिहिले तेच करतो. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. समजा, एका प्रोग्रॅमला सुरू व्हायला ५० सेकंद लागतात. ‘लाइव्हनेस’ (प्रोग्रॅम जिवंत आहे का, ही) तपासणी मूळ मांडणीनुसार दर १० सेकंदांनी होते आणि लागोपाठ तीन वेळा उत्तर न मिळाल्यास कंटेनर संपवला जातो. परिणामी तयारी पूर्ण होण्याआधीच, साधारण अर्ध्या मिनिटात, तो मारला जातो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा मारला जातो. दोन प्रयत्नांमधील थांबा १०, २०, ४० सेकंद असा वाढत पाच मिनिटांपर्यंत जातो आणि पडद्यावर ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ झळकते. प्रोग्रॅममध्ये दोष नसतोच. आरंभकाळासाठी वेगळी ‘स्टार्टअप’ तपासणी नंतर आली ती याचसाठी.

संसाधनांच्या बाबतीतही तसेच. पॉड कोठे ठेवायचा हे ठरवताना मागितलेली मेमरी व प्रोसेसर मोजतात, प्रत्यक्ष खर्च झालेला नव्हे. त्यामुळे यंत्रे निम्मी रिकामी असतानाही ‘जागा नाही’ असे उत्तर येऊ शकते. मेमरीची मर्यादा ओलांडली की कर्नल प्रक्रिया मारतो आणि १३७ हा संकेतांक उरतो (१२८ अधिक मारण्याच्या संदेशाचा क्रमांक ९). प्रोसेसरची मर्यादा ओलांडल्यास मात्र कसलीच त्रुटी दिसत नाही. सहसा १०० मिलिसेकंदांच्या प्रत्येक कालखंडातला वाटा संपला की प्रक्रिया थोपवली जाते आणि सेवा नुसतीच मंदावते. शोधायला हे जास्त अवघड.

कुबरनेटीसच्या आवृत्त्या वर्षाला तीन निघतात व प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो. लहान चमूला एवढी पाठशिवणी जड जाते. ‘सीक्रेट’ या नावाने ठेवलेली गुपिते मूळ मांडणीत बेस-६४ या कोणालाही उलगडता येणाऱ्या लिपीत नुसती संकेतित असतात, कूटबद्ध नसतात, याकडेही अनेकांचे दुर्लक्ष होते.

डेटाबेससारख्या स्थिती जपणाऱ्या सेवांसाठी ‘स्टेटफुलसेट’ हा प्रकार आहे. एखाद्या यंत्राशी संपर्क तुटल्यास साधे पॉड सुमारे पाच मिनिटांनी दुसरीकडे उभे केले जातात. स्टेटफुलसेटचे पॉड मात्र हलत नाहीत. जुनी प्रत खरोखर बंद झाली की केवळ दिसेनाशी झाली, हे नियंत्रकाला कळत नाही आणि दोन प्रतींनी एकाच माहितीवर लिहिणे धोक्याचे असते. म्हणून ते यंत्र परत येईपर्यंत किंवा माणूस स्वतः तो पॉड हटवेपर्यंत ती जागा तशीच अडून राहते.