समुद्रशैवले, खाद्य (मधुमेहातील आहारोपयोग)

समुद्राच्या उथळ भागात वाढणाऱ्या खाद्य शैवलांचा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पूरक आहार म्हणून होणारा उपयोग येथे अभिप्रेत आहे. तपकिरी, तांबडी व हिरवी या तीन गटांपैकी कोम्बू, वाकामे यांसारख्या तपकिरी शैवलांवर अधिक संशोधन झाले असून नोरी (तांबडे) व उल्वा (हिरवे) यांविषयीची माहिती त्या मानाने तुरळक आहे.

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोजची वाढ या शैवलांमुळे नेमकी कशी रोखली जाते, याबाबत दोन मते आहेत. एका मतानुसार तपकिरी शैवलांतील फ्लोरोटॅनिने ही पॉलिफिनॉल संयुगे स्टार्चचे पचन करणाऱ्या अल्फा-अमायलेज व अल्फा-ग्लुकोसिडेज या एंझाइमांना अटकाव करतात. अकार्बोज हे औषध याच मार्गाने काम करते. दुसऱ्या मतात भर आहे तो तपकिरी शैवलांतील अल्जिनेटावर. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी वेगळा केलेला हा विद्राव्य तंतू जठरातील आम्लात जेलरूप धारण करतो, त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते आणि ग्लुकोजचे शोषण लांबते. एंझाइमांवरील परिणामाचा पुरावा मुख्यतः परीक्षानळीतील आहे. याउलट १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५ ग्रॅम सोडियम अल्जिनेटयुक्त जेवणानंतर ७ मधुमेही पुरुषांमधील ग्लुकोजची वाढ सुमारे ३१ टक्के कमी आढळली. संख्या अल्प असली, तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र अल्जिनेटाचा हा गुण अख्ख्या शैवलाच्या नेहमीच्या वाढपालाही तसाच लागू होतो, असे त्यावरून मानता येत नाही.

दक्षिण कोरियात २० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत (२००८) रोज ४८ ग्रॅम शैवलचूर्ण ४ आठवडे घेणाऱ्या गटाची उपाशीपोटीची व जेवणानंतरची रक्तशर्करा घटली. पण एवढे सुके शैवल रोजच्या जेवणात सामावणे कठीण आहे. शिवाय एचबीए१सी ही रक्तचाचणी साधारण २ ते ३ महिन्यांची रक्तशर्करेची सरासरी दर्शवीत असल्याने दीर्घकालीन नियंत्रणाचा निर्णय ४ आठवड्यांच्या निरीक्षणावरून करता येत नाही.

प्रौढास दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर सुक्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्येच त्याच्या कित्येक पट आयोडीन असू शकते. म्हणून अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा विकार असलेल्यांनी ही शैवले वैद्यकीय सल्ल्याशिवाय नियमित घेऊ नयेत. काही शैवलांतील के-जीवनसत्त्वामुळे वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा परिणाम घटू शकतो. हिजिकी या तपकिरी शैवलात विषारी असेंद्रिय आर्सेनिक जास्त असल्याने ते खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये दिला.