काच किती मिनिटं तग धरते?

बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत, मारुती गल्लीत एकामागून एक दुकानांच्या दर्शनी भागांना काच लागत चालली आहे. टिळकवाडीतले दवाखाने, कोचिंग क्लास, बँकांच्या शाखा, जिकडे बघावं तिकडे काचेची पार्टिशनं. आगीचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "टफन घातलंय, काही होत नाही." धक्क्याला टफन, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेली, काच टिकते हे खरंच आहे. पण धक्का सोसणं वेगळं आणि आग सोसणं वेगळं. हा फरक कळला नाही, तर जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांच्या जिवाशी गाठ पडते.

आगीत काच वितळते असा आपला समज असतो. वितळण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधीच ती तडकते. गार ग्लासात उकळता चहा ओतल्यावर जे होतं, तेच खिडकीच्या तावदानात घडतं. मधला भाग ज्वाळेसमोर तापून प्रसरण पावतो, कडा मात्र चौकटीच्या खाचेत लपलेल्या असल्यामुळे गारच राहतात. फुगू पाहणारा मधला भाग कडांना ताणतो. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र तिला झेपत नाही. मग कापताना कडेला उडालेल्या एखाद्या बारीक टवक्यापासून चीर धावते. साध्या काचेत मधल्या भागाच्या आणि कडेच्या तापमानात ४० अंश सेल्सिअसच्या आसपास फरक पडला, तरी हा धोका सुरू होतो.

टफन काच हा फरक सुमारे २०० अंशांपर्यंत सोसते, कारण कारखान्यात ती ६०० अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत मारलेले असतात आणि तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली असतो. पण आगीपुढे २०० अंश म्हणजे काय? चाचणीच्या भट्टीत जी प्रमाणित आग धरतात, तिचं तापमान पाचव्या मिनिटालाच ५७५ अंशांच्या आसपास पोचतं, अर्ध्या तासात ८४० आणि तासाभरात ९४५. शिवाय टफन फुटते ती अख्खीच्या अख्खी, बारीक खड्यांच्या ढिगात. साधी तडकलेली काच निदान काही वेळ चौकटीत अडकून राहते. टफनच्या जागी एका क्षणात मोकळं भोक पडतं आणि धूर जिन्यात शिरतो.

म्हणून आगरोधक काच निवडताना पहिला प्रश्न असा: हिनं काय अडवायचं आहे आणि किती मिनिटं? युरोपीय वर्गवारीत याची तीन उत्तरं आहेत आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काचांच्या कागदपत्रांतही तीच अक्षरं दिसतात. नुसतं 'ई' म्हणजे ज्वाळा आणि तापलेले वायू अडवले. 'ईडब्ल्यू' म्हणजे शिवाय पलीकडे पडणारी उष्णतेची धगही मर्यादेत ठेवली: एक मीटरवर दर चौरस मीटरला १५ किलोवॉटपेक्षा कमी. 'ईआय' म्हणजे ज्वाळा अडवून शिवाय पलीकडच्या बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढू दिलं नाही. पुढचा ३०, ६० किंवा १२० हा आकडा मिनिटांचा.

या तिन्हींतला फरक कागदी नाही. दर चौरस मीटरला अडीच किलोवॉट धग उघड्या कातडीवर पडली, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेदना सहन होईनाशी होते. साडेबारा किलोवॉटच्या आसपास धग आणि जवळ एखादी ठिणगी, एवढ्यावर सुकं लाकूड पेट घेतं. म्हणजे 'ई' वर्गाची काच शाबूत राहूनही तिच्याशेजारच्या अरुंद बोळातून माणसांना जाता येणार नाही, असं होऊ शकतं. जिथून माणसं पळणार, त्या वाटेलगत 'ईआय'च हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च वाचवायचाच असेल तर काचेचं क्षेत्रफळ कमी करावं, वर्ग उतरवू नये.

आता या काचा आग अडवतात कशा? सगळ्यांत जुनी युक्ती आत तारेची जाळी असलेल्या काचेची. अमेरिकेत फ्रँक शुमन यांनी १८९२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ती तडकते, पण तारा तुकडे धरून ठेवतात. धग मात्र आरपार जाते. शिवाय कुणी धडकलं तर ती साध्या काचेपेक्षाही लवकर फुटते आणि तारांसकट जखम करते, त्यामुळे शाळेच्या दारात ती नकोच.

दुसरा मार्ग म्हणजे मुळात प्रसरणच पावणार नाही असा पदार्थ. १९५३ मध्ये कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा ६०० अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडून ९०० अंशांवर गेली. काचेचं पाणी झालं असेल असं त्यांना वाटलं, पण आत पांढरी, घट्ट वडी निघाली. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर पडली आणि फुटली नाही. काचेत सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. त्यातून पुढे पारदर्शक ग्लास-सिरॅमिक आलं. त्याचं प्रसरण जवळजवळ शून्य, त्यामुळे त्याच्या लालबुंद तापलेल्या तावदानावर गार पाणी मारलं तरी ते तडकत नाही. अवघ्या ५ मिलिमीटर जाडीत काम होतं. उणीव एकच: धग हीसुद्धा अडवत नाही.

धग अडवणारी काच वेगळीच, आणि तिच्यातलं रसायन बेळगावकरांना परकं नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीत वाळूचे कोअर, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी ठेवणारे गाभे, बांधायला सोडियम सिलिकेट वापरतात. वाळूत ते मिसळायचं, कार्बन डायऑक्साइड वायू सोडायचा, की कोअर काही क्षणांत कडक. याच सोडियम सिलिकेटचे पाणी धरून असलेले पारदर्शक थर या काचेत पातळ तावदानांच्या मध्ये बसवलेले असतात. एरवी ते दिसतही नाहीत. आगीकडचं पहिलं तावदान तडकतं आणि थर सुमारे १२० अंशांना पोचला की त्यातलं पाणी उकळू लागतं. थर फुगून पांढरा, अपारदर्शक फेस होतो. वाफ होताना पाणी उष्णता शोषून घेतं आणि उरलेला फेस धग अडवतो. मग पुढचं तावदान, पुढचा थर. जितके थर जास्त, तितकी मिनिटं जास्त. अर्ध्या तासाच्या काचेची जाडी साधारण १५ मिलिमीटर आणि वजन चौरस मीटरला ३५ किलोच्या आसपास भरतं. ५ मिलिमीटरची साधी काच साडेबारा किलोची असते.

हे वजनच जुन्या इमारतींत आडवं येतं. कॅम्पातले बंगले, शहापूरचे वाडे, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी यांसारख्या वास्तूंत आता कुठे हॉटेल निघतं, कुठे क्लास. तिथल्या सागवानी झडपांच्या बिजागऱ्या एवढा भार पेलत नाहीत. आणि हातानं केलेली, किंचित लाटा असलेली जुनी तावदानं, दारावरच्या रंगीत काचा काढून टाकल्या, तर त्या पुन्हा मिळायच्या नाहीत. त्या काढूच नयेत. जुनी खिडकी आहे तशी ठेवून तिच्या आतल्या बाजूला स्वतंत्र चौकटीत आगरोधक काच बसवता येते. पळण्याची वाट त्या खिडकीजवळून जातच नसेल, तर जिना बंदिस्त करून काम भागतं आणि खिडकीला हात लावावा लागत नाही. आधी वाट ठरवावी, मग काच.

चौकटीच्या बाबतीत मात्र जुनं सागवान आपल्या बाजूनं आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे भट्टीच्या हिशेबानं दहा मिनिटांतच. जाड सागवान वरून मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जळतं आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला वाचवतो. पुरेशी जाड चौकट अर्धा तास उभी राहू शकते. पण अंदाजावर जाऊ नये. चाचणी काचेची एकटीची होत नाही. काच, चौकट, पट्टी, स्क्रू आणि मधली सिरॅमिक टेप यांच्या जोडणीची होते. आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत अशा चाचण्या होतात. महागडी काच आणून ती रबर आणि सिलिकॉनवर नेहमीच्या ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये बसवली, तर त्या चाचणीचा अहवाल तिला लागू होत नाही.

खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात आणखी एक पथ्य. फुगणाऱ्या थराला कडेनं ओल लागली की तो दुधाळ होतो, आणि ५० अंशांच्या वर सतत तापला तर त्यात बुडबुडे येतात. म्हणून कडेची टेप साइटवर फाटू देऊ नये, काच पाण्यात टेकवून ठेवू नये, आणि पश्चिमेच्या उन्हात ती बसवायची असेल तर बाहेरच्या वापरासाठी केलेलाच प्रकार मागावा.

ताबा घेताना प्रत्येक तावदानाचा खालचा कोपरा बघा. तिथे उत्पादकाचं नाव आणि वर्ग कायमचा कोरलेला असतो. चिकटवलेलं लेबल चालत नाही. हा ठसा, चाचणी अहवालाची प्रत आणि तावदानाची मापं इमारतीच्या फाइलीत अग्निशमन दलाच्या ना हरकत दाखल्याशेजारीच ठेवा. ही काच गल्लीतला काचवाला कापून देऊ शकत नाही, ती मापानुसार कारखान्यातूनच यावी लागते. पाच वर्षांनी एखादं तावदान फुटलं आणि मापं हाताशी नसली, तर त्या जागी पाच मिलिमीटरची साधी काच बसते आणि पुढे कुणाच्या लक्षातही येत नाही.