तांब्याचे चार वेढे : छोट्या आरएफआयडी रीडरची पार्श्वभूमी

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आरएफआयडी रीडर, म्हणजे कार्डाला न टेकता रेडिओलहरींनी त्याची ओळख वाचणारा बोर्ड, मागितला, की दुकानदार बहुतेक वेळा एकच निळा बोर्ड पुढे करतो: आरसी-५२२. साधारण ४० बाय ६० मिलिमीटरचा बोर्ड, सोबत एक पांढरं कार्ड, एक निळं किचेन आणि सोल्डर न केलेल्या पिनांच्या दोन पट्ट्या. बोर्ड उजेडाकडे धरून पाहा. चिप जेमतेम ५ मिलिमीटर बाजूची. निम्म्याहून जास्त जागा गोल फिरणाऱ्या तांब्याच्या रेघांनी व्यापलेली. या रेघा म्हणजे अँटेना. रीडर लहान करायला बसलेल्या प्रत्येकाची गाठ शेवटी याच रेघांशी पडते.

आरएफआयडीची गोष्ट सहसा लिऑन थेरेमिन या सोव्हिएत संशोधकापासून सांगतात. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतांना सोव्हिएत मुलांनी लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. तिच्या आत थेरेमिनने बनवलेलं यंत्र लपवलेलं होतं. त्याला बॅटरी नव्हती, वायर नव्हती. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की तेवढ्यापुरतं ते जागं व्हायचं आणि खोलीतलं बोलणं बाहेर पोचवायचं. १९५२ पर्यंत ते कुणाला सापडलं नाही. ओळख पटवणं हे त्याचं काम नव्हतं, त्यामुळे त्याला आरएफआयडीचा पूर्वज म्हणणं मला थोडं ताणल्यासारखं वाटतं. पण बॅटरी नसलेली वस्तू दुसऱ्याने सोडलेल्या लहरींवर बोलू शकते, हे तिथे दिसलं. ऑक्टोबर १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींनी संदेश पाठवण्यावर शोधनिबंध लिहिला आणि अजून पुष्कळ संशोधन बाकी आहे, असंही त्यात नोंदवलं. ते खरंच होतं. ट्रान्झिस्टरला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कार्डात मावेल अशी चिप तर फारच लांब होती.

१९७३ मध्ये दोन पेटंटं निघाली. मारिओ कार्डुलो यांचं पेटंट स्मृती असलेल्या टॅगचं, म्हणजे वस्तूवर लावायच्या ओळखचिठ्ठीचं होतं. चार्ल्स वॉल्टन यांचं दार उघडणाऱ्या कार्डाचं, आणि आपल्या टेबलावरचा रीडर या वॉल्टन यांच्या घराण्यातला. यात कार्ड आणि रीडर एकमेकांच्या चुंबकीय क्षेत्रात असतात, जवळजवळ ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगसारखे. कार्ड स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. ते आपल्या कॉइलवरचा भार कमी-जास्त करतं आणि रीडरच्या कॉइलवरचं व्होल्टेज त्या तालावर किंचित हलतं. स्टॉकमन यांची परावर्तनाची वाट वेगळी. खालापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो तो त्या वाटेने, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर.

हौशी मंडळींच्या हातात आधी १२५ किलोहर्ट्झवर चालणारं आरएफआयडी आलं. त्या कार्डांतली, स्विस ईएम मायक्रोइलेक्ट्रॉनिकची ईएम-४१०० चिप फक्त ६४ बिट पाठवते: सुरुवातीला सलग नऊ वेळा ‘१’, मग ४० बिटांचा क्रमांक आणि चूक पकडायचे पॅरिटी बिट. सगळं मिळून सुमारे ३३ मिलिसेकंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे वाचायला एक डायोड, एक कपॅसिटर, एक ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) आणि साधा मायक्रोकंट्रोलर पुरतो. मीडियम वेव्ह रेडिओ जोडलेल्या माणसाला हे सर्किट लगेच ओळखीचं वाटेल. मला आजही शिकण्यासाठी हेच सर्किट सर्वांत चांगलं वाटतं, कारण ऑसिलोस्कोपवर कार्डाचा प्रत्येक बिट डोळ्यांनी दिसतो.

अडचण कॉइलची. १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर १२५ किलोहर्ट्झला अनुनाद हवा असेल, म्हणजे कॉइल नेमकी त्या वारंवारतेला जुळवायची असेल, तर १.६२ मिलिहेन्री लागतात. पाच सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलला म्हणजे शंभराहून जास्त वेढे. कपॅसिटर वाढवून वेढे कमी करता येतात, पण छोट्या बोर्डावर छापता येतील इतके नाही. म्हणून इनॅमल्ड तार, हाताने गुंडाळलेली, आणि दोन वायरींनी बोर्डाला लटकलेली. सर्किट कितीही आटोपशीर केलं तरी हे कडं बाहेर राहायचंच.

ते आत आलं १३.५६ मेगाहर्ट्झमुळे. वारंवारता शंभर पटींहून वाढली आणि १ मायक्रोहेन्री व सुमारे १३८ पिकोफॅरडवर काम भागू लागलं. १ मायक्रोहेन्री म्हणजे बोर्डावरच्या तांब्याचे तीन-चार वेढे. अँटेना छापली जाऊ लागली. ऑस्ट्रियातल्या मिक्रॉन कंपनीची, याच वारंवारतेवर चालणारी मायफेअर कार्डं १९९४ मध्ये आली. कंपनी पुढे फिलिप्सने घेतली आणि फिलिप्सचा सेमीकंडक्टर विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला. प्रवासाच्या कार्डांमुळे या चिपा लाखोंनी निघाल्या आणि स्वस्त झाल्या. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत आर्डुइनो हा हौशी मंडळींचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जन्मला. त्याला जोडायला एसपीआयवर (चिपांनी आपसात बोलायची मोजक्या तारांची पद्धत) बोलणारी आरसी-५२२ अगदी सोयीची पडली. बोर्डावरचा क्रिस्टल २७.१२ मेगाहर्ट्झचा असतो, बरोबर दुप्पट. दोनाने भागलं की लहर तयार.

मायफेअर क्लासिकचं गुप्त कूट २००७-०८ मध्ये संशोधकांनी उलगडलं. ईएम-४१०० मध्ये तर कूटच नाही; तिचा क्रमांक पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्डावर सहज उतरवता येतो. हजेरीसाठी हे रीडर खुशाल वापरा, घराच्या कुलपासाठी मी कुणाला सुचवणार नाही.

आता हा बोर्ड आणखी लहान करायचा असेल, तर चिप अडवत नाही. कार्ड किती अंतरावरून वाचलं जाईल हे कॉइलच्या आकारावर ठरतं, आणि ढोबळमानाने ते अंतर कॉइलच्या रुंदीएवढंच असतं. माझ्या पहिल्या छोट्या बोर्डात ३० बाय २५ मिलिमीटरचे चार वेढे होते आणि खालच्या बाजूला, नेहमीच्या सवयीने, सगळीकडे ग्राउंडचं तांबं भरलेलं. कार्ड अगदी टेकवलं तरी वाचलं जाईना. त्या तांब्यात भोवरा-प्रवाह फिरत होते आणि कॉइलचं क्षेत्रच खाऊन टाकत होते. पुढच्या बोर्डात कॉइलखालचं तांबं काढलं, ग्राउंडची रेघ कॉइलभोवती पूर्ण कडं करणार नाही अशी एका जागी तोडली आणि कपॅसिटर पुन्हा जुळवले. कार्ड अडीच सेंटिमीटरवरून वाचलं गेलं.