साठी बुद्धी नाठी? मग 51 व्या वर्षी काय?

"साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण मोकळे होतो, पण गंमत म्हणजे डॉक्टरलोकही कितीतरी वर्षं जवळपास हेच म्हणत होते, फक्त जरा भारी शब्दात. सेनाइल डिमेन्शिया. सेनाइल म्हणजे म्हातारपणातला, डिमेन्शिया म्हणजे आठवण आणि बुद्धी ढासळत जाणं, झालं, विषय संपला.

म्हणूनच 1901 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मेंटल हॉस्पिटलात ऑगस्टे डेटर ही विसरभोळी पेशंट आली तेव्हा कोडं पडलं, कारण बाईचं वय फक्त 51. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरने तिच्याशी झालेलं बोलणं लिहून ठेवलं (ही फाइल पुढे गायबच झाली होती, सापडली 1995 ला). नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टे. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस, काय खातेयस विचारलं तर म्हणाली पालक. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर पहिला शब्द लिहून पुढचं विसरली. आणि म्हणायची काय, तर मी स्वतःला हरवून बसलेय. मला यातलं हेच जास्त लागतं, काहीतरी निसटतंय हे तिला कळत होतं.

1906 मध्ये ती गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला होता, त्याने तिचा मेंदू मागवला, पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितले तर पेशींच्या बाहेर गुठळ्या (रक्ताच्या नव्हे, प्रथिनांच्या) आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनला डॉक्टरांच्या सभेत त्याने हे मांडलं, कोणी साधा प्रश्नही विचारला नाही! 1910 मध्ये त्याचा बॉस एमिल क्रेपेलिनने आपल्या पुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

आणि घोळ इथेच झाला. हे नाव लागलं फक्त कमी वयाच्या पेशंटना. पन्नाशीतला माणूस विसरला तर आजार, पंच्याहत्तरीतला विसरला तर वय झालं, अशी सोयीची वाटणी पुढची पन्नासेक वर्षं चालली. 1960 च्या दशकात इंग्लंडात न्यूकॅसलला ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या डॉक्टरांनी म्हाताऱ्या पेशंटच्या जिवंतपणी टेस्ट घेतल्या, मेल्यावर गुठळ्या मोजल्या, आणि जितक्या गुठळ्या जास्त तितकी डोक्याची अवस्था वाईट असं दिसलं. मग 1976 मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन डॉक्टरने सरळ लिहिलं की अल्झायमर आणि सेनाइल डिमेन्शिया हे दोन्ही आजार एकच.

म्हणजे वयाचं विसरणं असं काही नसतंच का? असतं ना. वेग कमी होतो, नाव जिभेवर येऊन अडतं, एकावेळी दोन कामं झेपत नाहीत, पण शब्दसंग्रह शाबूत राहतो आणि अडलेलं नाव तासाभराने आपोआप आठवतं. डिमेन्शियात आपण काही विचारलं होतं हेच पुसलं जातं, म्हणून तोच प्रश्न पाच मिनिटांनी परत.

पण गुठळ्यांचा हिशोबही सरळ नाही. 1986 पासून अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने 678 नन्सचा अभ्यास केला, सगळ्याजणींनी मेंदू दान करायचं कबूल केलं होतं, आणि त्यात असेही मेंदू निघाले ज्यात गुठळ्या भरपूर, पण ती बाई शेवटपर्यंत तल्लख. अशा बायकांचं डोकं नेमकं कशामुळे शाबूत राहिलं, यावर वाद अजून चालूच आहे.